दहावीनंतर पॉलिटेक्निक, मग थेट सीओईपी? डायरेक्ट सेकंड इयरचं खरं गणित

मागच्या आठवड्यात भूम तालुक्यातून एक व्हॉइस मेसेज आला. आवाजावरून नुकतीच दहावी झालेला वाटला. म्हणाला, "दादा, ८६ टक्के पडलेत. घरचे म्हणतात लातूरला अकरावीला जा, तिथं क्लास लाव. मला धाराशिवच्या शासकीय पॉलिटेक्निकला जायचंय. पण सगळे म्हणायलेत, डिप्लोमा केला की मोठ्या कॉलेजचा विषय संपला. खरंय का?"

नाही, खरं नाही. मी स्वतः डिप्लोमा करूनच बीटेकला आलो. पण "संपला नाही" म्हणजे "सोपं आहे" असंही नाही, म्हणून आजचा अख्खा एपिसोड यावरच.

आधी वर्षांचा हिशोब करू. अकरावी-बारावी दोन वर्षं आणि बीटेक चार, म्हणजे सहा. डिप्लोमा तीन वर्षं, त्यानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश, म्हणजे आणखी तीन. तेही सहाच. एकही वर्ष वाया जात नाही. फरक इतकाच, की डिप्लोमावाल्याकडे तिसऱ्या वर्षाच्या शेवटी हातात एक पदविका असते आणि तिच्यावर नोकरी मिळू शकते. बारावी सायन्सच्या नुसत्या मार्कशीटवर काय मिळतं, ते तुम्हीच सांगा.

अमेरिकेत याच्यासारखाच एक रस्ता आहे. घराजवळच्या स्वस्त कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षं काढायची आणि मग बर्कलीसारख्या नावाजलेल्या विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला दाखल व्हायचं. पण तिथं निबंध लिहा, कोणते विषय घेतले ते दाखवा, बाहेर काय उद्योग केलेत ते सांगा, असं बरंच काही असतं. आपल्याकडे मामला एका आकड्याचा आहे: डिप्लोमाच्या अंतिम निकालावर छापून येते ती टक्केवारी. वेगळी सीईटी नाही, मुलाखत नाही. प्रवेश मात्र राज्याच्या सीईटी सेलच्या कॅप प्रक्रियेतूनच होतो. पात्रतेला ४५ टक्के लागतात, महाराष्ट्रातल्या राखीव प्रवर्गांना ४०. पण पात्र होणं वेगळं आणि सीओईपी मिळणं वेगळं.

जागा किती असतात ते बघा. डायरेक्ट सेकंड इयरसाठी मंजूर जागांच्या वर १० टक्के जास्तीच्या जागा असतात. म्हणजे ६० च्या वर्गात सहा. शिवाय पहिल्या वर्षाच्या ज्या जागा रिकाम्या राहिल्या, त्या यात मिळवल्या जातात. आता पुण्याचं सीओईपी, म्हणजे १८५४ पासूनचं कॉलेज आणि २०२२ पासून स्वतंत्र विद्यापीठ, किंवा मुंबईचं १८८७ चं व्हीजेटीआय, इथं कॉम्प्युटरला रिकामी जागा कशाला राहील? राहिल्या त्या सहाच, आणि त्यातही प्रवर्गनिहाय वाटणी. अख्ख्या महाराष्ट्रातले पॉलिटेक्निकचे टॉपर त्यांच्यासाठी रांगेत. याउलट बऱ्याच खासगी कॉलेजांत पहिल्या वर्षाच्या जागा भरत नाहीत, तिथं डिप्लोमावाल्याला सहज प्रवेश मिळतो. म्हणजे एकच दरवाजा, पण एका ठिकाणी फट आणि दुसऱ्या ठिकाणी सताड उघडा.

म्हणून भूमच्या दोस्ता, पॉलिटेक्निकला जाऊन "बघू तिसऱ्या वर्षी" म्हणशील तर सीओईपी विसर. तिथं जायचं तर टक्के नव्वदीच्या चांगले वर लागतात. ही स्पर्धा सीईटीसारखी एका दिवसात संपत नाही. सेमिस्टरमागून सेमिस्टर, प्रॅक्टिकल, मायक्रोप्रोजेक्ट, फाईल वेळेवर सही करून घेणं, सगळं धरून. मला विचाराल तर नियमितपणे अभ्यास करणाऱ्याला हे बरं पडतं. परीक्षेच्या तीन तासांत ज्याचं डोकं जोरात चालतं आणि एरवी ज्याला फाईल पुरी करायचा कंटाळा, त्याने अकरावीच घ्यावी.

आता ऑप्शन फॉर्म. इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण सगळ्यात जास्त अफवा इथंच ऐकू येतात. "वर अवघड कॉलेज टाकू नको, खालचंही जाईल", हे तुम्ही ऐकलंच असेल. साफ चूक. कॅपचा प्रोग्राम काय करतो, साध्या भाषेत सांगतो. सगळ्यांना मेरिट नंबरने रांगेत उभं करतो. पहिल्याची यादी उघडतो, वरून खाली वाचतो आणि जी पहिली जागा शिल्लक दिसेल ती त्याला देतो. मग दुसरा, मग तिसरा. तुझा नंबर ५०० असेल तर आधीच्या ४९९ जणांचं वाटून झाल्यावरच तुझी यादी उघडते. तुझ्या यादीत वर सीओईपी असलं आणि तिथली जागा संपली असली, तर प्रोग्राम मुकाट्याने पुढच्या ओळीवर जातो. तुझ्या मागच्या कुणाला तोवर काहीही मिळालेलं नसतं, त्यामुळे खालचा पर्याय कुणी पळवत नाही. आरक्षणामुळे प्रत्यक्षातला कोड गुंतागुंतीचा असतो, पण गाभा हाच. म्हणून खऱ्या आवडीच्या क्रमाने भरा आणि यादी लांब ठेवा.

एकच सावधगिरी. पहिल्या पसंतीची जागा लागली की ती पक्की धरली जाते, पुढच्या फेरीत बदल मागता येत नाही. म्हणजे मित्र तिथं जातोय म्हणून एखादं कॉलेज एक नंबरला टाकाल, तर तेच गळ्यात पडेल. त्या वर्षाची माहितीपुस्तिका मात्र वाचाच, फेऱ्यांचे नियम बदलत असतात.

कागदपत्रांचं थोडक्यात. डोमिसाईल, जातीचा दाखला, जात पडताळणी, नॉन-क्रीमीलेअर, ईडब्ल्यूएस, ज्याला जे लागू ते आधी काढून ठेवा. पडताळणीला वेळ लागतो, तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच अर्ज टाका. आपल्या जिल्ह्याची खास गंमत म्हणजे जुन्या दाखल्यांवर उस्मानाबाद आणि २०२३ नंतरच्यांवर धाराशिव. घाबरू नका, जिल्हा एकच आहे. पण तुमचं स्वतःचं नाव मात्र सगळीकडे एकसारखं हवं.

पैशांचं. २०२४-२५ पासून कॅपमधून व्यावसायिक अभ्यासक्रमाला जाणाऱ्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींची, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर, शिक्षण आणि परीक्षा शुल्काची पूर्ण माफी आहे. खुल्या प्रवर्गातल्या मुलांसाठी त्याच उत्पन्नमर्यादेत राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे, ती निम्मी शिक्षण फी देते. हे आपोआप होत नाही, महाडीबीटीवर दरवर्षी फॉर्म भरावा लागतो. आणि हे कॅपच्या प्रवेशांना आहे. मॅनेजमेंट कोट्यातून गेलात की सवलत विसरा. बहिणीला दूर पाठवायला घरचे कां-कूं करत असतील, तर त्यांना हा परिच्छेद वाचून दाखवा.

एक गोष्ट मात्र कुणी आधी सांगत नाही. प्रवेश मिळाल्यावर पहिलं सेमिस्टर जड जातं. डिप्लोमावाला प्रॅक्टिकलमध्ये बारावीवाल्याला सहज मागे टाकतो, मशीन हाताळलेली असते, सर्किट जोडलेलं असतं. पण गणितात उलटं. समोर येतं एम-थ्री: लाप्लास, फुरिए, डिफरन्शियल इक्वेशन्स. वर्गातल्या बाकीच्यांनी पहिल्या वर्षात एम-वन, एम-टू केलेलं असतं, आपण नाही. काही ठिकाणी ब्रिज कोर्स असतो, पण तो नियमित तासांच्या वर. त्यात कॅपच्या फेऱ्या लांबल्या, की आपण पोहोचेपर्यंत वर्ग सुरू झालेला.

यावर उपाय डिप्लोमाचा शेवटचा पेपर झाल्यापासून कॅपची यादी लागेपर्यंतच्या सुट्टीत आहे. इंटिग्रेशन हाताला बसवा, पार्शल डेरिव्हेटिव्ह आणि मॅट्रिक्स बघा, मग लाप्लास सुरू करा. रोज दीड तास पुरतो. मोबाईलवर सगळं फुकट आहे. फक्त व्हिडिओ बघून झालं असं समजू नका, वहीत गणितं सोडवा.

अजून एक प्रश्न कळंबच्या एका ताईचा होता: डिप्लोमानंतर थेट एमबीए होतं का? नाही. एमबीएला पदवी लागते. पण पदवी कोणतीही चालते, त्यामुळे बीटेक करून एमबीए सीईटी देता येते. जमनालाल बजाजसारख्या संस्थेची वाट तिथून सुरू होते. त्या परीक्षेवर पुढच्या एपिसोडमध्ये बोलू.