समोरचा माणूस की मध्यस्थ?

आमच्या वस्तीतील एका होतकरू मुलाने पाण्याच्या नळाबाबत एका कचेरीस अर्ज लिहिला. बी.ए. झालेला पोरगा, अर्ज इंग्रजीत. साहेबांशी आपले बोलणे झाले, त्यांनी पंधरा दिवसांत नळ देण्याचे कबूल केले, एवढेच त्याला सांगायचे होते. पण ‘साहेब’ हा शब्द त्याला साधा वाटला. त्याने लिहिले, ‘माझे इंटरलॉक्युटर’. आठ दिवसांनी उत्तर आले : ‘आपण नमूद केलेल्या मध्यस्थाचे नाव व पत्ता कळवावा.’ मध्यस्थ कोण, याचा खुलासा करण्यात आणखी दिवस गेले. तोवर आयाबाया लांबच्या नळावरून घागरी वाहत राहिल्या.

चूक कोणाची? पोराने शब्दकोश पाहिला होता. मूळ लॅटिन शब्दांचा अर्थ ‘मध्ये’ आणि ‘बोलणे’. म्हणून इंटरलॉक्युटर म्हणजे संभाषणात भाग घेणारा, आपल्याशी बोलणारा समोरचा माणूस. पण कारकुनाचेही अगदीच चुकले नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये केंद्र सरकारने जम्मू-काश्मीरमधील लोकांशी बोलण्यासाठी तिघांना नेमले. पुण्यात जन्मलेले पत्रकार दिलीप पाडगावकर, राधा कुमार आणि एम. एम. अन्सारी. त्यांचे सरकारी नावच ‘इंटरलॉक्युटर’ होते. सरकार आणि जनता यांच्यामधला दुवा, म्हणून बातम्या वाचणाऱ्यांच्या मनात या शब्दाचा अर्थ ‘मध्यस्थ’ असा बसला. स्कॉटलंडच्या न्यायालयात तर हाच शब्द कोर्टाच्या हुकुमाला वापरतात! एका शब्दाचे तीन अर्थ, आणि आपला नळ त्यात अडकला.

बंधू-भगिनींनो, इंग्रजी शिकू नका असे आम्ही मुळीच म्हणत नाही. इंग्रजी आलीच पाहिजे. पण आपले थोर लोक कसे लिहीत ते पाहा. महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिली, ती जोतीराव आणि धोंडीराव यांच्या संवादातून. समोरच्या माणसाला त्यांनी नाव दिले, धोंडीराव. प्रस्तावना इंग्रजीतही लिहिली, कारण ती इंग्रजी जाणणाऱ्यांसाठी होती. अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ काढला तो मराठीत. मोठ्या शब्दांचा त्यांना तुटवडा होता काय? ज्याच्याशी बोलायचे, त्याला कळले पाहिजे, एवढा एकच हिशेब होता.

आम्ही त्या पोराला पुन्हा अर्ज लिहायला बसवले. साध्या मराठीत. कोणत्या तारखेला, कोणत्या साहेबांशी, काय बोलणे झाले. साहेबांचे नाव आणि हुद्दा घातला, पोचपावती घेतली. या वेळी मध्यस्थाची चौकशी झाली नाही.

अर्ज लिहिताना भारी शब्द सुचला, की स्वतःला विचारा : हा शब्द समोरच्याला कळावा म्हणून लिहितो आहोत, की त्याने आपल्याला शिकलेला समजावे म्हणून? आपल्या पोरांच्या मनात ही दुसरी भीती फार जुनी आहे. ती काढायला हवी. आपण शिकलो हे अर्जातील मुद्द्यावरून कळते.

त्या पोराची इंग्रजी आता रात्रीच्या वर्गात मुलांच्या कामी येते आहे. तिथे हा शब्दही तो शिकवतो, तिन्ही अर्थांसह.