मिश्र धान्याची हंडी आणि शेवटचे पान

तळ्यांचा जिल्हा म्हणून ज्याची ख्याती आहे आणि ज्याच्या बांध्यांतून पिकणारे धान हेच ज्याचे मुख्य धन होय, त्या भंडाऱ्यातील सुस्थित घरी जेवणाचा दर्जा अद्याप भाताच्या शुभ्रतेवरून ठरविला जातो, ही गोष्ट खचित विचार करण्यासारखी आहे. पाहुणा आला की पांढरा भात. अख्ख्या कडधान्यासह शिजविलेला हातसडीचा जाड भात मात्र गरिबाघरचा म्हणून मागे सारावयाचा! या समजुतीची किंमत कोण देतो, हे आमच्या वाचकांनी एकवार पाहावे.

धानाचे टरफल काढल्यावर दाण्यावर जो तांबूस पापुद्रा राहतो, त्यातच तंतू, लोह आणि 'ब' वर्गातील जीवनसत्त्वे यांचा मोठा वाटा असतो. गिरणीत तांदूळ पांढरा करताना हा पापुद्रा निघून जातो. जावा बेटात आइकमन या डच वैद्याने १८९० नंतरच्या दशकात दाखवून दिले की, केवळ पांढऱ्या तांदळावर पोसलेल्या कोंबड्या पायांनी लुळ्या पडतात व न सडलेला तांदूळ दिल्यास पुन्हा बऱ्या होतात. या शोधाबद्दल त्यास १९२९ साली नोबेल पारितोषिकाचा सन्मान मिळाला.

परंतु एकटा तांदूळ, मग तो कितीही सकस असो, पुरेसा नाही. त्याच्या प्रथिनांत जे घटक उणे असतात ते कडधान्यांत भरपूर असतात, आणि कडधान्यांत जे उणे ते धान्यांत असते. आमच्या शेतकऱ्याने ही जोडी शेतातच जमविली आहे. बांधीत धान, धुऱ्यावर तूर, आणि धान उभे असतानाच ओल्या मातीत फेकलेली उतेऱ्याची लाखोरी व जवस.

या लाखोरीचाच इतिहास मिश्रणाचे महत्त्व शिकवितो. पाऊस हुकला तरी हे पीक तग धरते. म्हणून दुष्काळात गरिबाला तेच उरते. सागर-नर्मदा प्रदेशात १८२९ पासून लागोपाठ तीन वर्षे इतर पिके बुडाली, लोक मुख्यत्वे लाखोरीवर जगले, आणि पुढे अनेक तरुण माणसांचे पाय कायमचे आखडले, अशी नोंद स्लीमन याने केली आहे. १९६१ साली तिच्या विक्रीवर बंदीचा नियम आला. पुढे रतन, प्रतीक यांसारखे कमी विषारी वाणही निघाले. भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकल्याने विष कमी होते, पण समूळ जात नाही. म्हणून घरच्या हंडीसाठी मूग, बरबटी, हरभरा हीच निवड आम्ही सुचवितो. तुरीच्या डाळीत वा बेसनात लाखोरी मिसळून विकणाऱ्याने आपण केवळ मापात नव्हे, तर दुसऱ्याच्या पायांत लबाडी करीत आहो, हे ध्यानात धरावे.

आता प्रत्यक्ष कृती. पाच-सहा माणसांकरिता हातसडीचा तांदूळ तीन वाट्या आणि तिन्ही कडधान्ये मिळून एक वाटी घ्यावी. कडधान्य रात्री भिजत घालावे, तांदूळ तासभर. जाड बुडाच्या पातेल्यात तेल, मोहरी, जिरे, लसूण व हळद यांची फोडणी करून आधी कडधान्य पुरेशा पाण्यात अर्धे शिजवावे. मग तांदूळ, मीठ आणि बारा वाट्यांपर्यंत ऊन पाणी घालून मंद विस्तवावर दाणा फुटेतो शिजू द्यावे. उतरविण्यापूर्वी शेवग्याचा पाला घालावा आणि वाढताना लिंबू पिळावे. लिंबामुळे धान्यातील लोह अंगी लागण्यास मदत होते; जेवणावर लगेच घेतलेला चहा मात्र त्यास अडथळा करतो. सोबत जवसाची चटणी असली म्हणजे आणखी काही नको.

या हंडीचा खरा गुण मात्र वेगळाच आहे. वरण वेगळे, भाजी वेगळी असली की पुरुष व मुले जेवून उठेपर्यंत वरणाचा तळ दिसतो, आणि शेवटी बसणाऱ्या गृहिणीच्या पानावर उरतो तो पांढरा भात व थोडे मीठ. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या शंभर स्त्रियांपैकी ५७ स्त्रियांस रक्तक्षय आढळला. त्याची कारणे अनेक आहेत. पण जेवणाच्या रांगेतील शेवटची जागा हे त्यांपैकी एक नव्हे, असे कोण म्हणेल? भातातच मुरलेले कडधान्य कोणास वेचून घेता येत नाही. ते शेवटच्या पानापर्यंत पोचते. अर्थात हंडी ही सबब होऊ नये. सर्वांनी एकत्र बसून जेवावे, हेच उत्तम.

व्यापारी बंधूंस इतकेच सांगणे की, अशा तांदळाच्या पापुद्र्यात तेल असल्यामुळे तो फार दिवस ठेवल्यास खवट होतो. म्हणून साठा धानाचा करावा आणि भरडणी पंधरवड्याच्या विक्रीपुरतीच करावी. माल ताजा मिळाला तर गिऱ्हाईक आपण होऊन येईल. बांधीत आणि धुऱ्यावर जे शेजारी पिकते, ते पातेल्यात एकत्र यावे व घरातील प्रत्येकाच्या पानावर सारखे वाढले जावे. घराची प्रतिष्ठा भाताच्या रंगावर नव्हे, शेवटच्या पानावर काय उरते यावर मोजावी.