मोबाईलवरची पाहणी आणि शितावरून भाताची परीक्षा

— ऊस विकास अधिकारी



मातीचा नमुना कसा घ्यावा हे आम्ही दरवर्षी गटागटाच्या मेळाव्यात सांगत असतो. बांधालगतची माती घेऊ नका, झाडाखालची घेऊ नका, उकिरड्याजवळची किंवा जनावरे बांधतात तिथली तर मुळीच नको. शेतात नागमोडी फिरून ठिकठिकाणची माती घ्या, एकत्र कालवा, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाका, असे करत करत जी अर्धा किलो राहील तीच प्रयोगशाळेला पाठवा. तरी एखादे पाहुणे पोतेभर माती घेऊन येतात नि म्हणतात, "साहेब, भरपूर आणलीय, तपासणी जोरात होऊ द्या." पण ती सगळी विहिरीजवळच्या एकाच खड्ड्यातली असेल, तर पोते काय नि ट्रॉली काय, शेताचा अंदाज चुकणारच.

करोनाच्या साथीत नेमकी हीच चूक अमेरिकेत फार मोठ्या प्रमाणावर झाली. हल्ली आपल्याही मोबाईलवर आरोग्याचे, पिकाचे, योजनांचे फॉर्म येतात आणि त्यावरून निर्णय होतात. म्हणून ही हकीगत सभासदांनी समजून घ्यावी असे आम्हास वाटते.

पाहणी कशासाठी?

साथीत किती रुग्ण आले हे दवाखान्यातून कळते. पण मास्क कोण लावतो, गर्दीत कोण जातो, लस कोण घेतो, कोण भीतीपोटी टाळतो, हे दवाखान्याच्या वहीत नसते. साथ आटोक्यात आणायची तर माणसांचे हे वागणे कळले पाहिजे. एरवी घरोघर माणूस पाठवून विचारता आले असते. टाळेबंदीत ते कसे जमणार?

म्हणून एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाने फेसबुकच्या साहाय्याने रोजची पाहणी सुरू केली. फेसबुक वापरणाऱ्या प्रौढांपैकी काहींना रोज निमंत्रण दिसे. उत्तरे फेसबुककडे न जाता विद्यापीठाकडे जात. त्याच महिन्यात मेरीलँड विद्यापीठाने अशीच पाहणी इतर देशांत सुरू केली, त्यात भारतही होता. ताप-खोकला आहे का, वास येतो का, मास्क लावता का, आणि पुढे लस आल्यावर ती घेतली का, नसेल तर का नाही, असे प्रश्न असत. जून २०२२ पर्यंत हे काम चालले. लोक लशीला का कचरतात, कशाची भीती वाटते, हे त्यातून लवकर कळू लागले. एवढ्या वेगाने एवढी माहिती पूर्वी कोणत्याच साथीत मिळाली नव्हती.

अडीच लाख उत्तरे, दहा माणसांचे मोल

खरी कसोटी लागली २०२१ च्या उन्हाळ्यात. किती प्रौढांनी लशीचा पहिला डोस घेतला, याचा अंदाज तीन पाहण्या देत होत्या. फेसबुकवरच्या पाहणीत आठवड्याला सुमारे अडीच लाख उत्तरे येत. सरकारी जनगणना खात्याच्या ऑनलाइन पाहणीत दर दोन आठवड्यांना सुमारे ७५ हजार. आणि ॲक्सिऑस-इप्सॉस या तिसऱ्या पाहणीत जेमतेम एक हजार.

आता इथे एक सोय होती. उभ्या उसाचा नजरअंदाज आपण कितीही केला तरी शेवटी ऊस वजनकाट्यावर येतो आणि खरे काय ते दिसते. तसा लशीचाही काटा होता. टोचलेल्या डोसांची सरकारदप्तरी नोंद होती. ताडून पाहिले तेव्हा मे २०२१ मध्ये अडीच लाखांची पाहणी शंभरात १७ ने जास्त निघाली. ७५ हजारांची १४ ने जास्त. आणि हजारांची पाहणी खऱ्याच्या जवळ!

हार्वर्ड विद्यापीठाचे संख्याशास्त्रज्ञ शिआओ-ली मेंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डिसेंबर २०२१ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात याचा हिशेब मांडला. अडीच लाखांची ती पाहणी, नीट चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या फक्त दहा माणसांच्या पाहणीइतकीच भरवशाची ठरू शकते, असा तो हिशेब होता.

असे का झाले?

शितावरून भाताची परीक्षा होते, पण भात सगळीकडे सारखा शिजला असेल तर. वरचा कच्चा नि खालचा करपलेला असेल, तर वरवरची शंभर शिते चाखूनही उपयोग नाही. पातेले ढवळून मग चार शिते बघावी लागतात.

फेसबुकवर नसणारी माणसे पहिल्याच पायरीला सुटली. ज्यांना निमंत्रण दिसले त्यांतही शंभरातल्या एखाद्यानेच उत्तर दिले. असे उत्तर देणाऱ्यांत लस घेतलेले जास्त होते. कमी शिकलेल्यांची उत्तरे कमी आली आणि शिक्षणाचा फरक हिशेबात सुधारून घेतला नव्हता. जनगणना खात्याने तो सुधारून घेतला होता, तरी त्यांचाही आकडा चुकला. म्हणजे न बोलणारा माणूस नुसत्या गणिताने भरून काढता येत नाही.

हजारांच्या पाहणीने काय केले? त्यांनी टपालाच्या पत्त्यांवरून घरे निवडली होती. ज्यांच्याकडे इंटरनेट नव्हते त्यांना टॅब्लेट आणि जोडणी स्वतःहून दिली. ही पाहणीसुद्धा ऑनलाइनच होती. फरक एवढाच, की ज्याच्याकडे साधन नाही त्याला वगळले नाही.

फेसबुकवरच्या पाहणीचे काम करणाऱ्यांचेही म्हणणे ऐकले पाहिजे. कल कळावा, आजचे कालशी ताडता यावे, हा त्यांचा मुख्य हेतू होता. ते बरोबरच आहे. काटा वाकडा असला तरी वजन वाढले की घटले एवढे सांगतो. पण वाकडेपणा दर आठवड्याला बदलला, तर तेही सांगत नाही. आणि मोठ्या आकड्याने आपली खात्री उगाच वाढते, हा धोका निराळाच.

यापूर्वी गूगलनेही २००८ मध्ये, लोक फ्लूविषयी काय शोधतात यावरून साथीचा अंदाज बांधण्याची सोय काढली होती. २०१२-१३ च्या हिवाळ्यात तिचा अंदाज डॉक्टरांकडील नोंदींच्या जवळजवळ दुप्पट गेला आणि २०१५ मध्ये ती बंद झाली. शोधणारा प्रत्येक जण आजारी नसतो. लोकरी माव्याची बातमी पेपरात आली की गट ऑफिसात चौकशीला रांग लागते, म्हणून काही तितक्या रानांत मावा नसतो.

आमचीही चूक

दुसऱ्यावर बोट ठेवण्याआधी आपले सांगावे. नोकरीच्या सुरुवातीला एका हंगामात तोडणी कार्यक्रमासाठी ब्रिक्स बघायचे काम आमच्याकडे होते. पावसाने रस्ते खराब झाले होते. मोटारसायकल जाईल तिथलेच, रस्त्याकडेचे फड आम्ही तपासले, तेही कडेच्या सरीतले ऊस टोचून. नमुने चारशेवर घेतले, आकडे झकास आले. फड तुटले तेव्हा साखर उतारा कमी पडला. आतला ऊस अजून कच्चा होता. नुकसान झाले ते सभासदांचे. चारशे नमुन्यांची वही मात्र आम्ही मोठ्या दिमाखाने दाखवली होती.

आपण काय करावे?

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा कित्येक कारखान्यांवर ऊसतोड मजूर अडकून पडले होते. त्या वेळी मोबाईलवर पाहणी केली असती, तर कोपीवरच्या बाईचे उत्तर त्यात आले असते का? साथ पसरण्याचा धोका तर दाटीवाटीच्या कोप्यांवरच जास्त.

म्हणून दोन गोष्टी सांगतो. आरोग्याची पाहणी मोबाईलवर आली आणि ती खात्रीच्या संस्थेची असेल तर टाळू नका. खरे तेच लिहा. लस घेतली नसेल तर नाही म्हणून लिहा, त्यात कमीपणा नाही. बँकेचा नंबर किंवा ओटीपी मागितला तर मात्र ती पाहणी नव्हे, लबाडी समजा.

दुसरे असे, की आपल्या गटात अशी पाहणी होईल तेव्हा आमच्या कर्मचाऱ्यांना विचारा, "मोबाईल नसलेल्यांची यादी कुठे आहे?" सभासद वहीतून आणि टोळ्यांच्या यादीतून चिठ्ठ्या टाकून पन्नास नावे काढावीत, त्या पन्नास घरी आणि कोप्यांवर माणूस जावा, आणि त्यांची उत्तरे मोबाईलच्या उत्तरांशी ताडून पाहावीत. एका गटाला चार दिवसांचे हे काम आहे. तरी सर्व सभासदांनी याबाबत आपापल्या गट ऑफिसशी संपर्क साधून सहकार्य करावे, ही विनंती.