बहुरूपी परजीवी आणि हिवतापाची लस

हिवतापावर लस शोधण्याचे प्रयत्न कित्येक दशके चालू असूनही जागतिक आरोग्य संघटनेने पहिल्या लशीची व्यापक वापरासाठी शिफारस केली ती २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये, आणि त्या लशीचे संरक्षणही अर्धेमुर्धेच होते. या विलंबाच्या कारणांपैकी सर्वांत चिवट कारण परजीवीच्या पृष्ठभागावर सापडते. माणसाची प्रतिकारयंत्रणा ज्या प्रथिनांवरून परजीवीला ओळखते, नेमकी त्यांचीच रूपे प्लाझमोडियम फाल्सिपेरम या सर्वांत घातक जातीत गावोगाव, इतकेच नव्हे तर एकाच रुग्णाच्या रक्तातही, निरनिराळी असतात.

अ‍ॅनोफिलीस डासाची मादी चावते तेव्हा तिच्या लाळेतून स्पोरोझॉइट या अवस्थेतले परजीवी शरीरात शिरून यकृतात पोचतात. तेथे त्यांची संख्या हजारो पटींनी वाढून मेरोझॉइट ही पुढची अवस्था रक्तात उतरते आणि तांबड्या पेशींत घुसून, साधारण ४८ तासांनी त्या फोडून, पुन्हा नव्या पेशींकडे वळते. प्रत्येक अवस्थेची पृष्ठप्रथिने वेगळी असल्यामुळे एकीविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे, म्हणजे रक्तातील संरक्षक प्रथिने, दुसरीवर सहसा चालत नाहीत. त्यातही मेरोझॉइट पेशीबाहेर उघडा असतो तो जेमतेम मिनिट-दोन मिनिटे.

मेरोझॉइटच्या पृष्ठभागावरील एमएसपी-१ आणि एमएसपी-२ ही प्रथिने विविधतेच्या अभ्यासात फार उपयोगी ठरली आहेत. रुग्णाच्या बोटाला टोचून घेतलेल्या आणि गाळणकागदावर वाळवलेल्या रक्ताच्या ठिपक्यातून परजीवीचा डीएनए वेगळा केला, एमएसपी-२ च्या जनुकाचा तेवढाच भाग पीसीआर पद्धतीने अनेक पटींनी वाढवला आणि तो जेलमधून विजेच्या प्रवाहाने पुढे सरकवला, की तुकड्याच्या लांबीनुसार पट्टे उमटतात. रक्तातल्या परजीवीत प्रत्येक जनुकाची एकच प्रत असल्यामुळे एका रुग्णाच्या नमुन्यात तीन पट्टे दिसले, तर त्याच्या अंगात निदान तीन वेगळ्या वंशांचे परजीवी नांदत आहेत, असे मानता येते. औषधांच्या चाचण्यांत याचा व्यवहारी उपयोग होतो: उपचारानंतर काही आठवड्यांनी रक्तात पुन्हा परजीवी दिसले आणि पट्टे जुनेच असले, तर औषध अपुरे पडले; पट्टे सर्वस्वी नवे असले, तर डासाने नवा संसर्ग आणला, असा निवाडा करता येतो.

ही विविधता उत्परिवर्तनांतून जन्मते, परंतु तिला खरा वेग येतो तो डासाच्या पोटात. परजीवीच्या नर आणि मादी पेशींचे मीलन तेथेच होते, आणि डासाने दोन वंशांचे परजीवी एकाच वेळी शोषले असतील, तर त्यांच्या जनुकांची सरमिसळ होऊन नवी रूपे निपजतात. पुढची निवड माणसाची प्रतिकारशक्तीच करते; जे रूप सर्वत्र पसरते त्याविरुद्ध प्रतिपिंडेही सर्वत्र तयार होतात, म्हणून दुर्मीळ रूपाला काही काळ मोकळे रान मिळते. यापलीकडचा प्रकार पीएफईएमपी-१ या प्रथिनाचा आहे: ते परजीवीने व्यापलेल्या तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावर उमटते, त्याची सुमारे ६० जनुके एकाच परजीवीजवळ असतात, आणि त्यांतले बहुधा एकच एका वेळी वापरून परजीवी खऱ्या बहुरूप्यासारखी सोंगे पालटत राहतो.

लसनिर्मितीला याची किती किंमत मोजावी लागते, ते मालीतील बंदियागारा येथील चाचणीने लख्ख दाखवले. मेरोझॉइटला पेशीत शिरण्यास मदत करणाऱ्या एएमए-१ या प्रथिनाचे एकच रूप घेऊन केलेली लस तेथील ४०० मुलांच्या चाचणीत तपासण्यात आली. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार एकूण संरक्षण सुमारे १७ टक्के, म्हणजे संख्याशास्त्राच्या कसोटीवर न टिकणारे, निघाले. मात्र ज्या परजीवींचे एएमए-१ महत्त्वाच्या आठ जागांवर लशीतील रूपाशी जुळत होते, त्यांच्याविरुद्ध ते सुमारे ६४ टक्के होते. त्याच ठिकाणच्या संसर्गांत या प्रथिनाची दोनशेहून अधिक रूपे आधीच नोंदली गेली होती, तेव्हा या निकालाचे आश्चर्य वाटायला नको होते. पापुआ न्यू गिनीतील त्यापूर्वीच्या एका चाचणीत तर एमएसपी-२ च्या लशीतील रूपाचे परजीवी लस घेतलेल्या मुलांत कमी झाले आणि दुसऱ्या रूपामुळे येणारे आजारपण वाढले.

सध्या वापरात असलेल्या आरटीएस,एस आणि आर२१ या दोन्ही लशी स्पोरोझॉइटवरील सीएसपी या प्रथिनावर बेतलेल्या आहेत. त्यांतील आर२१ ऑक्सफर्ड विद्यापीठात विकसित झाली असून तिचे उत्पादन पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये होते. सीएसपीच्या मधल्या भागात चार अमिनो आम्लांचा तोच क्रम पुनःपुन्हा येतो आणि तो फारसा बदलत नाही; बदल होतात ते शेवटाकडच्या भागात. आरटीएस,एसच्या आफ्रिकेतील चाचणीत, ५ ते १७ महिन्यांच्या बालकांमध्ये, हा शेवटचा भाग लशीशी जुळणाऱ्या परजीवींविरुद्ध वर्षभरातील संरक्षण सुमारे ५० टक्के आणि न जुळणाऱ्यांविरुद्ध सुमारे ३३ टक्के आढळले, आणि पूर्णपणे जुळणारे परजीवी दहा टक्क्यांहूनही कमी होते.

म्हणूनच आता आरएच-५ या प्रथिनाकडे लक्ष वळले आहे. तांबड्या पेशीवरील बॅसिजिन या प्रथिनाला चिकटल्याशिवाय फाल्सिपेरमला आत शिरता येत नाही, आणि ती पकड सुटू नये म्हणून आरएच-५ ला फारसे बदलून चालत नाही. शिवाय नैसर्गिक संसर्गात त्याविरुद्ध प्रतिपिंडे थोडीच तयार होत असल्याने बदलण्याचा दबावही त्याच्यावर आजवर कमीच पडला. लशीमुळे तो दबाव प्रथमच मोठ्या प्रमाणावर येईल, त्यामुळे लस दिलेल्या मुलांच्या रक्तातील आरएच-५ च्या जनुकाचा क्रम वर्षानुवर्षे तपासत राहावा लागेल.