परदेशी भाषा निवडताना – लेखांक ६ : आधी तास मोजा

दहावी-बारावीचे निकाल लागले की परदेशी भाषांच्या क्लासेसमध्ये एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो : सध्या स्कोप कशाला आहे? उत्तरंही तयारच असतात. कुणी जर्मन सांगतं, कुणी जपानी, अलीकडे कोरियनचं नावही निघतं. गेल्या काही लेखांकांत आपण एकेका भाषेची ओळख करून घेतली. आता निवडीकडे वळायचं, तर मला या प्रश्नाचा क्रमच चुकीचा वाटतो. परदेशी भाषा कामाला येते ती एका पातळीनंतर. त्याआधी तिचा उपयोग प्रमाणपत्र फाइलला लावण्यापुरताच. ती पातळी गाठायला लागणारे तास भाषेगणिक आणि कामागणिक वेगळे असतात. म्हणून आपल्या हाताशी खरोखर किती तास आहेत हे आधी मोजावं, आणि तेवढ्यात जी भाषा तडीला नेता येईल तीच घ्यावी.

जर्मनचं उदाहरण घ्या. युरोपीय चौकटीत ए-१ पासून सी-२ पर्यंत सहा पातळ्या आहेत. जून २०२४ पासून जर्मनीने ‘चान्सनकार्ट’ सुरू केलं. त्यावर नोकरी शोधायला वर्षभर तिथे राहता येतं आणि इतर पात्रता असेल तर भाषेची अट ए-१ जर्मन किंवा बी-२ इंग्रजी एवढीच आहे. जाहिराती नेमक्या इथे थांबतात. ए-१ वर नोकरी शोधायला जाता येतं. नोकरी मिळणं ही वेगळी गोष्ट. नर्स म्हणून मान्यता हवी तर साधारणपणे बी-२ लागतं. रात्रपाळीच्या नर्सला रुग्णाची तक्रार ऐकून घ्यायची असते, ती कागदावर नोंदवायची असते, सकाळी पुढच्या पाळीला समजावून द्यायची असते आणि मध्येच डॉक्टरांचा फोन आला तर चटकन उत्तर द्यायचं असतं. ए-२ वर यातलं एकही काम धड होत नाही. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, १० हजार जणांना पाठवण्याची घोषणाही झाली. पण त्या वाटेवरही पहिला टप्पा भाषेचाच आहे.

आता तासांकडे येऊ. बी-२ पर्यंत पोचायला ग्योटे इन्स्टिट्यूट ४५ मिनिटांच्या ६०० ते ८०० तासिका धरतं, म्हणजे घड्याळाचे ४५० ते ६०० तास. शनिवार-रविवारच्या बॅचमध्ये दोन-दोन तास बसणाऱ्याचे, सणवार आणि परीक्षा वगळून वर्षाला ४५ आठवडे धरले, तर १८० तास होतात. बी-२ ला अडीच ते सव्वातीन वर्षं लागली, तीही एकही बॅच न चुकवता. घरचा अभ्यास वेगळा. हा हिशेब कुणी प्रवेशाच्या वेळी मांडला, तर वर्षभरात ए-२ करून भाषा सोडून देणारे निम्मे लोक फी भरण्याआधीच दुसरा विचार करतील. एक वर्ष जर्मन, एक वर्ष फ्रेंच, एक वर्ष स्पॅनिश असं करणाऱ्याकडे तीन प्रमाणपत्रं जमतात आणि भाषा एकही येत नाही.

भाषा अवघड की सोपी, याची सर्वांत जास्त फिरणारी यादी अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या प्रशिक्षण संस्थेची आहे. कामकाजाच्या पातळीपर्यंत पोचायला स्पॅनिश-पोर्तुगीजला ६०० ते ७५० तास, जर्मनला सुमारे ९००, तर जपानी, चिनी, कोरियन आणि अरबीला २,२०० तास, असा तिचा अंदाज आहे. पण हे अंदाज इंग्रजी मातृभाषेच्या, पगारी, पूर्णवेळ शिकणाऱ्या मुत्सद्द्यांचे आहेत. आपल्याकडे ती यादी जशीच्या तशी वापरतात, ते मला पटत नाही. ‘मी उद्या पुण्याहून मुंबईला जाईन’ हे वाक्य जपानीत ‘वाताशि वा आशिता पुने कारा मुंबाई ए इकिमास्’ असं होतं. मी, उद्या, पुण्याहून, मुंबईला, जाईन : क्रम तोच, विभक्तीचं काम करणारे तुकडे नामाच्या मागेच आणि क्रियापद शेवटी. इंग्रजी माणसाला जिथे वाक्याची अख्खी बांधणी नव्याने शिकावी लागते, तिथे मराठी माणूस घरच्याच वाटेने चालतो. आदरार्थी बोलण्याचंही त्याला नवल वाटत नाही.

मात्र यावरून जपानी सोपी ठरवण्याची घाई नको. वाक्यरचनेत वाचलेले तास कांजी ही लिपी वसूल करते. तिथे मराठीचा काही फायदा नाही. जपानी भाषेच्या जेएलपीटी परीक्षेची २००९ पर्यंतची जी चौकट होती, तिच्यात वरून दुसऱ्या पातळीला सुमारे १,००० कांजी आणि ६,००० शब्द अपेक्षित होते. आजची एन-२ साधारण त्याच उंचीची. कार्यालयीन कामाच्या जाहिरातींत बहुधा हीच पातळी मागितलेली दिसते. पण २०१९ मध्ये जपानने सुरू केलेल्या ‘तोकुतेई गिनो’ व्हिसावर वृद्धांची काळजी किंवा कारखान्यातलं काम करायला जायचं असेल, तर भाषेची मुख्य अट एन-४ किंवा तिच्या तोडीची दुसरी परीक्षा एवढीच आहे. जुन्या हिशेबाने ३०० कांजी. भाषा एकच, पण एकाचं काम दोन वर्षांत भागतं आणि दुसऱ्याला सहा वर्षंही कमी पडतात. कुठल्या भाषेला स्कोप आहे, या प्रश्नात हा फरक दिसतच नाही.

यावर आक्षेप असा येईल की तास मोजून घेतलेल्या भाषेला मागणीच नसेल तर काय उपयोग? मागणी बघायलाच हवी. चाकणला जर्मन मोटारींचे कारखाने आहेत, ही पुण्यातल्या विद्यार्थ्याला दुर्लक्ष करण्याजोगी गोष्ट नाही. पण मागणी हलती असते. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ मोडला आणि त्या व्यवहारांच्या भरवशावर रशियन शिकलेल्यांचा आधारच सुटला. सरकारी याद्याही राजकारणाच्या वाऱ्याने बदलतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या २०१९ च्या मसुद्यात चिनी होती, २०२० च्या अंतिम दस्तऐवजात ती गेली आणि यादीत कोरियन, जपानी, थाई वगैरे दिसल्या. चीनशी चालणारा व्यापार त्या यादीने थांबला नाही. बी-२ पर्यंत गेलेला माणूस अशा बदलात तग धरतो, कारण त्या पातळीची माणसं मुळात थोडी असतात. ए-२ वाल्याला मागणी असतानाही कुणी विचारत नाही.

दुसरा आक्षेप यंत्राचा. फोनवर क्षणात भाषांतर होत असताना तीन वर्षं कशाला घालवायची? यंत्राने सोपं काम खाल्लं आहे हे खरंच. परदेशी ई-मेलचा मथितार्थ सांगायला आता दुभाष्या लागत नाही. पण मग माणसाकडे उरलेलं काम वरच्या पातळीचंच असणार : समोरासमोरची वाटाघाट, सही करण्याआधी करारातली खोच ओळखणं, रुग्णाच्या अर्धवट वाक्यातून दुखणं कळणं. तेव्हा या आक्षेपाने पुरेशी पातळी आणखी वर सरकते आणि माझा हिशेब अधिकच कडक होतो.

राहता राहिले ते, ज्यांना नोकरीसाठी भाषा नको आहे. त्यांची पुरेशी पातळी वेगळी, कारण त्यांना चारही कौशल्यं लागत नाहीत. ग. ह. खरे आणि सेतुमाधवराव पगडी यांनी मराठ्यांच्या इतिहासासाठी फारसी साधनं वाचली, संपादली, मराठीत आणली. तेहरानच्या बाजारात भाव करता येतो की नाही, याच्याशी त्या कामाचा संबंध नव्हता. गोव्याच्या दफ्तरखान्यातले पोर्तुगीज कागद आजही असा वाचक मागतात. पांडुरंग पिसुर्लेकरांनी ते आयुष्यभर धुंडाळले, पण ते पोर्तुगीज राजवटीतच वाढले होते. आजच्या अभ्यासकाला ती भाषा मुद्दाम शिकावी लागते. फक्त वाचायचं असेल तर आठवड्याचे चार तासही पुरे पडावेत. अडचण एवढीच की बहुतेक क्लास स्वतःची ओळख करून द्या, कॉफी मागवा, इथून सुरू होतात. अशा वाचकाने दोन पातळ्यांपुरता क्लास करावा, मग व्याकरण आणि चांगला कोश घेऊन थेट कागदांकडे वळावं.