लेखनयोग्य प्रकाशीय तबकड्यांची गुणवत्ता चाचणी

कागदी अभिलेखाला लागलेली वाळवी डोळ्यांना दिसते. तबकडीवर लेसरने केलेली नोंद मात्र कोणतीही खूण न दाखवता क्षीण होत असते. हा प्रश्न केवळ तांत्रिक नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ७ अन्वये कायद्याने जतन करावयाचे दस्तऐवज इलेक्ट्रॉनिक स्वरूपात ठेवता येतात. परंतु त्यातील माहिती पुढेही उपलब्ध व वापरण्यायोग्य राहिली पाहिजे, अशी अट आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम ६३ प्रकाशीय माध्यमातील नोंदीला विहित अटींवर पुराव्याचे स्थान देते. तबकडी वाचताच आली नाही, तर या दोन्ही तरतुदींचा उपयोग उरत नाही.

तबकडीची रचना

सीडी-आर तबकडीचा व्यास १२० मिलिमीटर व जाडी १.२ मिलिमीटर असते. पॉलिकार्बोनेटच्या चकतीवर सेंद्रिय रंगद्रव्याचा थर, त्यावर सोने किंवा चांदीचा परावर्तक थर आणि सर्वांत वर लाखेचे पातळ संरक्षक आवरण असते. लेखनाच्या वेळी लेसरच्या उष्णतेने रंगद्रव्यात कायमचे बदल होऊन खुणा उमटतात. वाचनाच्या वेळी या खुणांवरून परावर्तित होणारा प्रकाश कमी असतो व त्यातूनच माहिती ओळखली जाते. सीडीसाठी ७८०, डीव्हीडीसाठी ६५० आणि ब्लू-रेसाठी ४०५ नॅनोमीटर तरंगलांबीचा लेसर वापरतात. तरंगलांबी जितकी कमी, तितक्या खुणा लहान व साठवणक्षमता अधिक.

त्रुटी आणि त्यांची दुरुस्ती

कोणतीही तबकडी पूर्णतः निर्दोष नसते. म्हणून मूळ माहितीसोबत रीड-सॉलोमन संकेतपद्धतीने जादा अंक लिहिले जातात व त्यांच्या आधारे चुकलेले अंक पुन्हा मिळविले जातात. सीडीमध्ये ही दुरुस्ती सी-१ व सी-२ अशा दोन टप्प्यांत होते. मूळ गतीने वाचताना सेकंदाला ७,३५० चौकटी वाचल्या जातात. त्यांपैकी पहिल्या टप्प्यात सदोष आढळणाऱ्या चौकटींची दहा सेकंदांतील सरासरी सेकंदाला २२० पेक्षा, म्हणजे सुमारे ३ टक्क्यांपेक्षा, कमी असावी, असा मानक आहे. डीव्हीडीत सलग आठ दुरुस्ती-खंडांमध्ये पहिल्या टप्प्यातील सदोष ओळी २८० पेक्षा अधिक नसाव्यात.

येथेच एक महत्त्वाचा मुद्दा येतो. फाइल उघडली म्हणजे तबकडी उत्तम आहे, असे सिद्ध होत नाही. दुरुस्तीची व्यवस्था वाढत्या त्रुटी झाकून ठेवते आणि तिची मर्यादा ओलांडली की तोपर्यंत नीट वाचली जाणारी माहिती एकाएकी वाचेनाशी होते. फाइलचे हॅश मूल्य माहिती बदलली आहे की नाही, एवढेच सांगते. ती गमावण्याच्या किती जवळ आली आहे, हे त्रुटींचे प्रमाणच सांगू शकते.

तबकडी व ड्राइव्ह यांची संयुक्त परीक्षा

लेखनापूर्वी ड्राइव्ह तबकडीच्या आतील कडेच्या राखीव भागात चाचणी-लेखन करून लेसरची योग्य शक्ती ठरवतो. तबकडीवरील सांकेतिक माहितीवरून तो उत्पादकही ओळखतो व त्यानुसार लेखनपद्धती निवडतो. त्यामुळे एकाच खोक्यातील तबकड्या दोन ड्राइव्हवर लिहिल्यास निकाल भिन्न येऊ शकतो. त्रुटी मोजणारा ड्राइव्हही मोजमापात स्वतःची भर घालतो. म्हणून दोष नेमका कोठे आहे हे ठरविण्यासाठी तीच तबकडी अनेक ड्राइव्हवर वाचावी लागते. सर्वत्र त्रुटी अधिक आढळल्या तर तबकडी किंवा लेखन संशयास्पद ठरते. एकाच ठिकाणी आढळल्या तर वाचणारा ड्राइव्ह. तुलनेसाठी वाचनाची गतीही समान हवी. अचूक निर्णयासाठी प्रमाणित केलेली प्रयोगशालेय उपकरणे वापरली जातात.

आयुर्मानाचा अंदाज

आयएसओ/आयईसी १०९९५ या मानकानुसार तबकड्या उच्च तापमान व आर्द्रतेत ठेवून ठराविक काळाने त्यांच्या त्रुटी मोजतात आणि त्यावरून सामान्य परिस्थितीतील आयुर्मान अनुमानित करतात. हा समूहाविषयीचा सांख्यिकी अंदाज असतो, एका तबकडीची हमी नव्हे. अमेरिकेतील राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत तबकडी कडेने धरावी, कागदी लेबल चिकटवू नये आणि ती तीव्र प्रकाश, उष्णता व दमटपणापासून दूर ठेवावी, असे सुचविले आहे.

भारतापुढील प्रश्न

एकेकाळी लेखनयोग्य तबकड्यांच्या जगातील आघाडीच्या उत्पादकांमध्ये गणल्या जाणाऱ्या मोझर बेअर या भारतीय कंपनीच्या अवसायनाचा आदेश २०१८ मध्ये निघाला. सोनीने लेखनयोग्य ब्लू-रे तबकड्यांचे उत्पादन फेब्रुवारी २०२५ मध्ये थांबविले. म्हणजे तबकडी टिकली तरी ती वाचणारे यंत्र दुर्मीळ होण्याचा धोका आहेच. यावर उपाय तीन आहेत : लेखनानंतर लगेच त्रुटींची नोंद ठेवणे, ठराविक काळाने नमुना-तपासणी करणे आणि मर्यादा गाठण्यापूर्वीच माहिती नव्या माध्यमावर स्थलांतरित करणे. डिजिटल अभिलेखांचे जतन ही एकदा करून संपणारी कृती नसून सातत्याने पार पाडावयाची प्रशासकीय जबाबदारी आहे.