जर्मन शेजार आणि अमेरिकन शेजार

पुण्यांतील मध्यमवर्गीय घरांत 'बाहेर' या शब्दाला अलीकडे एक नवाच अर्थ आला आहे. 'आमचा धाकटा बाहेर असतो' असें कोणी म्हटलें, तर तो मंडईंत गेला आहे असें कोणीच समजत नाहीं. तो समुद्रापलीकडे आहे, हें सर्वांना कळतें. पण या एका शब्दानें सारें परदेश एका रंगांत रंगविलें जातें. मुलगी म्युनिकला आहे कीं मिनेसोटांत, हा जणूं केवळ विमानभाड्याचा प्रश्न! दोन्हीकडे बर्फ, दोन्हीकडे पाव. मग फरक तो काय?

फरक पुष्कळ आहे, आणि तो ठाऊक नसल्यामुळें येथल्या आईबापांच्या मनांत नाहीं ते गैरसमज घर करतात. माझे जुने विद्यार्थी दोन्ही देशांत स्थायिक झाले आहेत. सुटींत पुण्याला आले म्हणजे ते भेटावयास येतात, आणि मास्तरकीची सवय सुटत नसल्यामुळें मी त्यांना प्रश्न विचारीत बसतों. त्यांच्या उत्तरांतून एक गोष्ट वरचेवर पुढें येते. अमेरिकेंतले म्हणतात, 'माणसें फार चांगलीं.' जर्मनींतले म्हणतात, 'व्यवस्था फार चांगली.' हीं दोन वाक्यें शेजारीं शेजारीं ठेवून पाहिलीं, तर बाकीचा बराच उलगडा होतो.

प्रथम बोलण्याचालण्याची गोष्ट घेऊं. अमेरिकेंत दुकानांत पाऊल टाकतांच गल्ल्यावरची मुलगी 'कसें काय?' म्हणून विचारते. आपल्याकडचा नवखा गृहस्थ गुडघेदुखीपासून सांगावयास लागतो, तोंवर ती पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळलेली असते. तिचा प्रश्न खोटा नसतो. तो प्रश्नच नसतो, तो नमस्कार असतो. वयाचा किंवा हुद्द्याचा विचार न करतां पहिल्याच भेटींत नांवानें हांक सुरू होते. जर्मनींत याच्या उलट. रस्त्यांत अनोळखी माणसाकडे पाहून हसण्याची रीत नाहीं. मात्र डॉक्टरकडे खोळंबून बसलेल्या रोग्यांच्या खोलींत शिरतांना सर्वांना मिळून 'गुटेन टाग' म्हटलें नाहीं, तर तें असभ्य दिसतें. घंटीशेजारीं आडनांव, पत्रांत आडनांव. आणि तरुणांच्या कचेऱ्यांतून ही रीत झपाट्यानें बदलत असली, तरी वर्षानुवर्षें एकत्र काम करूनहि परस्परांस आडनांवानेंच संबोधणारे लोक तेथें अजून भेटतात.

मराठी माणसाला हें कळावयास इंग्रजीपेक्षां मराठीच अधिक उपयोगी पडते. इंग्रजींत 'यू' हें एकच सर्वनाम. कुत्र्यालाहि तेंच आणि न्यायाधीशालाहि तेंच. जर्मन भाषेंत 'डू' म्हणजे आपलें 'तूं', आणि 'झी' म्हणजे 'आपण'. 'अहो' वरून 'अरे' वर यावयास आपल्याकडे जसा काळ जावा लागतो, तसा तेथेंहि जावा लागतो. आणि 'आतां आपण एकमेकांस तूं म्हणूं या' हें वडील माणसानें धाकट्यास सुचवावयाचें असतें. अमेरिकन ओळख पहिल्या दिवशीं जेथें पोंचते, तेथें पोंचावयास जर्मन ओळखीला दोन वर्षें लागतात. पण अमेरिकन ओळख पुष्कळदां तेथेंच थांबते, अशीहि तक्रार ऐकूं येते.

या अदबीमुळें जर्मन मनुष्य मत मांडण्यांत भिडस्त असेल असें मात्र समजूं नये. येथें पुण्याच्याच एका विदुषींचें उदाहरण आठवतें. इरावती कर्वे १९२८ ते १९३० या काळांत बर्लिनला मानववंशशास्त्राचा अभ्यास करीत होत्या. त्यांचे मार्गदर्शक प्राध्यापक ऑयगेन फिशर. गोरे आणि इतर यांच्या कवट्यांच्या घडणींत वंशपरत्वें भेद सांपडेल, ही फिशर यांची अपेक्षा. इरावतीबाईंनीं कवट्या मोजून, असा भेद दिसत नाहीं, असें प्रबंधांत लिहिलें, आणि त्याच प्रबंधावर त्यांना डॉक्टरेट मिळाली. संबोधन अदबीचें आणि मत तोंडावर, ही रीत आजहि तेथें आहे. अमेरिकन माणूस दोष दाखविण्यापूर्वीं दोन गुण सांगून घेतो. जर्मन माणूस दोषापासूनच आरंभ करतो, आणि त्यांत कोणाचा अपमान झाला असें मानीत नाहीं. (पुणेकरांस हें फोड करून सांगण्याची गरज नसावी.) तथापि याच फिशर यांची विद्या १९३३ नंतर हिटलरच्या राजवटीच्या कामीं आली, हेंहि विसरून चालत नाहीं. शिस्त ही कोणाच्याहि हाताखालीं काम करते.

आतां शेजारधर्माकडे वळूं. खरा फरक तेथें आहे, आणि तो एकाच महिन्यांतल्या दोन घटनांत स्वच्छ दिसतो. १८८३ सालच्या जून महिन्यांत आनंदीबाई जोशी न्यूयॉर्कच्या धक्क्यावर उतरल्या. ज्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंच्या भरंवशावर त्या गेल्या, त्यांच्याशीं त्यांचें रक्ताचें, धर्माचें, देशाचें कसलेंच नातें नव्हतें. दंतवैद्याकडे बसल्या असतां एका मिशनरी मासिकांत गोपाळराव जोशी यांच्या पत्रव्यवहाराची हकीकत त्या बाईंच्या वाचनांत आली, आणि त्यांनीं आपण होऊन पत्र धाडलें, एवढीच ओळख. पण तेवढ्यावर त्यांनीं न्यू जर्सींतील रोझेल येथें आपल्या घरीं या परक्या मुलीला ठेवून घेतलें. आनंदीबाई त्यांना मावशी मानीत. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयांतून १८८६ त पदवी घेऊन परतलेल्या आनंदीबाई २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यांत वारल्या, तेव्हां त्यांची रक्षा याच कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यांत आली, आणि त्यांनीं ती पोकीप्सी येथील आपल्या कुटुंबाच्या दफनभूमींत ठेविली.

त्याच जून महिन्याच्या १५ तारखेचा जर्मनींतला एक कायदा आहे. बिस्मार्कनें केलेला हा कामगारांच्या आजारविम्याचा कायदा. वर्गणीचे दोन वांटे मजुरानें द्यावयाचे, एक वांटा मालकानें. आणि मजूर आजारी पडला, तर औषधोपचार आणि कांहीं वेतन त्याला मिळावयाचें. बिस्मार्कला मजुरांचा कळवळा आला होता असें नव्हे. समाजवाद्यांच्या पायांखालची वाळू काढून घ्यावी, हा त्याचा डाव. डाव कांहींहि असो, शेजाऱ्याच्या दुखण्याचा खर्च ही दया न राहतां देणें झाली. आज तेथें या विम्यापोटीं वेतनाच्या साडेचौदा टक्क्यांहून अधिक वर्गणी जाते. निम्मी नोकराची, निम्मी मालकाची.

अमेरिकेंत वृद्ध आणि दरिद्री यांच्यासाठीं सरकारी व्यवस्था झाली ती १९६५ सालीं. बाकीच्यांचा विमा बहुधा नोकरीशीं बांधलेला. नोकरी गेली कीं तो डळमळूं लागतो. अशा वेळीं शेजारीपाजारी वर्गणी गोळा करतात, चर्चमधलीं माणसें पाळीपाळीनें जेवण आणून देतात. याला दिखाऊपणा म्हणणें अन्यायाचें होईल. पंडिता रमाबाईंचें शारदा सदन १८८९ सालीं उघडलें, तें बॉस्टनच्या मंडळींनीं १८८७ त स्थापिलेल्या संस्थेच्या वर्गणीवर. त्या देणगीदारांपैकीं बहुतेकांनीं हिंदुस्थान पाहिलाहि नव्हता. अमेरिकन माणूस हात आंखडता घेत नाहीं. मात्र कोणाला द्यावयाचें, हें तो स्वतः ठरवितो. ज्याची कर्मकथा कोणाच्या वाचनांत आली नाहीं, त्याचें काय, हा प्रश्न तेथें शिल्लक राहतो.

उपाहारगृहांतल्या वाढप्याचें उदाहरण लहान, पण बोलकें आहे. अमेरिकेंत त्याच्या मालकानें द्यावयाचें मध्यवर्ती कायद्यानें ठरविलेलें किमान वेतन ताशीं २ डॉलर १३ सेंट. हा आंकडा १९९१ पासून हललेला नाहीं. (कित्येक राज्यांनीं तो आपापल्यापुरता वाढविला आहे.) उरलेलें वेतन गिऱ्हाइकाच्या बक्षिसांतून भरून यावयाचें, म्हणून बिलावर पंधरा ते वीस टक्के ठेवणें हा रिवाज. त्यामुळें तो हसतमुख, दर दहा मिनिटांनीं विचारपूस करणारा. जर्मनींत २०१५ पासून किमान वेतनाचा कायदा त्यालाहि लागू. गिऱ्हाईक बिलाची रक्कम थोडी वर नेऊन पुरी करतें, झालें. मग तो हसेल किंवा न हसेल! पाणीहि तेथें बहुधा विकत घ्यावें लागतें. आपला पाहुणा परत येऊन सांगतो, 'अमेरिकन लोक प्रेमळ, जर्मन लोक तुसडे.' त्याला जें प्रेम दिसलें, त्यांत पगाराचाहि भाग होता.

पुण्यांतल्या घरांना या फरकाचा खरा चटका बसतो तो बाळंतपणांत. डिंकाचे लाडू, बाळंतशेपा, अळीव यांचीं गांठोडीं बांधून आजीबाई विमानांत बसतात. अमेरिकेंत त्यांच्यावांचून घराचें पान हलत नाहीं. तेथें १९९३ च्या कायद्यानें बारा आठवड्यांची रजा मिळते, पण ती बिनपगारी, आणि लहान कारखान्यांतल्या नोकरांना तीहि नाहीं. कांहीं राज्यांनीं आणि चांगल्या कंपन्यांनीं पगारी रजा ठेविली आहे. बाकीच्या आया तान्हें मूल घरीं ठेवून कामावर जातात. पाळणाघराचा खर्च डोळे फिरविणारा. पाहुण्यांना बहुधा सहा महिने राहूं देतात. तेवढ्यांत एक आजी जाते, दुसरी येते, आणि मूल मोठें होतें. आपल्याकडे २०१७ पासून कायद्यानें २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, हें ऐकून तिकडच्या सुशिक्षित बायकांना नवल वाटतें म्हणतात.

माझ्या परिचयाच्या एका बाईंची कन्या अमेरिकेंत आणि चिरंजीव जर्मनींत. मुलीच्या वेळीं त्यांनीं सहा महिने अहोरात्र खस्ता खाल्ल्या, आणि तृप्त होऊन आल्या. सुनेच्या वेळीं त्या तीन महिन्यांनीं परतल्या, त्या जरा हिरमुसून. 'सुनेला माझी गरजच नव्हती,' असें त्यांचें म्हणणें. वास्तविक तीन महिने हे सुनेनें ठरविले नव्हते. तेथील पाहुण्यांच्या परवान्याला १८० दिवसांत ९० दिवसांची मर्यादाच आहे. घरीं विम्याच्या खर्चानें सुईण येत होती; ती बाळाचें वजन करी, बाळंतिणीची प्रकृति पाही आणि शंकांचें निरसन करी. प्रसूतीपूर्वीं सहा आणि नंतर आठ आठवडे आईला पगारी विसांवा. पुढें वर्षभर पूर्वीच्या उत्पन्नाच्या सुमारें दोन-तृतीयांश इतकें साहाय्य, महिन्याला जास्तींत जास्त १८०० युरो. आणि नोकरी तीन वर्षांपर्यंत राखलेली. बापानेंहि रजा घेतली तर आणखी दोन महिने मिळतात, म्हणून चिरंजीवहि घरींच! आजीचें निम्में काम सरकारनें आधींच करून ठेविलें होतें. सून कोरडी नव्हती. तिनें सासूबाईंना उलट बागेंत फिरावयास चला म्हटलें, आणि बाईंना तें रिकामपण टोंचलें. हें मीं त्यांना एकदां उलगडून सांगितलें. त्यांना तें पूर्ण पटलें असें नाहीं, पण त्या सुनेशीं पूर्वींपेक्षां मोकळेपणानें बोलूं लागल्या आहेत.

रविवारचा बंद, बाटल्यांची वर्गवारी, रात्रीं दहानंतरची शांतता याविषयीं आपलीं माणसें फार बोलतात. रविवारच्या विश्रांतीचें कलम जर्मनीच्या १९१९ च्या घटनेंत होतें, तें १९४९ च्या घटनेनें जसेंच्या तसें पुढें चालविलें. म्हणून त्या दिवशीं दुकानें बंद, भिंतीला भोंक पाडावयाचें नाहीं, कांचेची बाटलीहि रस्त्यावरच्या पेटींत टाकावयाची नाहीं. इमारतीच्या जिन्यांत नियमांची पाटी टांगलेली. दुपारीं एक ते चार दुकान बंद ठेवणाऱ्या आणि दारोदार सूचनांच्या पाट्या लावणाऱ्या शहरांतून गेलेल्या माणसानें याबद्दल कुरकूर करावी, हें मला चमत्कारिक वाटतें. अमेरिकेंत मात्र मध्यरात्रीं दूध मिळतें. तें विकणारा मध्यरात्रीं जागा असतो, इतकेंच.

शाळा हा माझा विषय, तेव्हां तेथें थोडा थांबतों. 'किंडरगार्टन' हा शब्द जर्मन. फ्रबेलनें तो १८४० सालीं काढला. अमेरिकेंतलें पहिलें किंडरगार्टन १८५६ त विस्कॉन्सिनमधील वॉटरटाउन येथें मार्गारेटे शुर्त्स या जर्मन बाईंनीं घरांतच भरविलें. पुढें आनंदीबाईंच्या पदवीदानास गेलेल्या रमाबाईंनीं फिलाडेल्फियांत याच पद्धतीचें शिक्षण घेतलें, आणि ती विद्या घेऊन त्या मायदेशीं आल्या. जर्मनीनें पेरलेलें, अमेरिकेनें वाढविलेलें आणि तेथून महाराष्ट्रांत आलेलें हें रोप आहे.

पण मूल मोठें झालें म्हणजे वाटा फुटतात. जर्मनीच्या बहुतेक प्रांतांत चौथीनंतर, म्हणजे दहाव्या वर्षींच, मुलांची विभागणी होते: कोणी विद्यापीठाच्या वाटेनें, कोणी कारागिरीच्या. मधून वाट बदलतां येते, पण सोपें नाहीं. कारागिरीला तेथें मान आहे हें खरें; तरी दहा वर्षांच्या पोराविषयीं असा निकाल देणें मला, चाळीस वर्षें वर्गांत उभें राहिल्यावर, धाडसाचें वाटतें. अमेरिकेंत बारावीपर्यंत सारीं मुलें एका छपराखालीं. तेथें विभागणी परीक्षा करीत नाहीं, घराची किंमत करते. कारण शाळेचा बराच पैसा त्या त्या भागांतील घरपट्टींतून येतो, आणि चांगल्या शाळेपायीं लोक महागड्या वस्तींत घर घेतात. विद्यापीठांत पुन्हां फांसा उलटतो: अमेरिकेंत फी आईबापांस कर्जांत लोटणारी, आणि जर्मनीच्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत परक्यांनाहि ती जवळजवळ नाहींच. आणखी एक सांगून ठेवतों. नातवाला जर्मन शाळेंत '१' मिळाला असें कळलें तर आजोबांनीं घाबरूं नये. तेथें १ हा सर्वोत्तम आणि ६ हा नापासाचा.

राहतां राहिली परक्याला आपला म्हणण्याची गोष्ट. अमेरिकेनें १८६८ च्या घटनादुरुस्तीनें आपल्या भूमींत जन्मलेल्याला नागरिक केलें; पण त्याच देशाच्या वरिष्ठ न्यायालयानें १९२३ त हिंदी माणसाला नागरिकत्व घेतां येणार नाहीं असा निर्णय दिला, आणि तें दार १९४६ पर्यंत बंद राहिलें. आपले डॉक्टर-इंजिनिअर तिकडे लोटले ते १९६५ च्या कायद्यानंतर. आज तेथें कायम वास्तव्याच्या परवान्यासाठीं भारतीयांची रांग दशकांवर गेली आहे. जर्मनींत परकी आईबापांचें मूल २००० सालापर्यंत जन्मानें परकेंच राही. आतां नियम सैल झाले आहेत, आणि कुशल नोकरदारास कायम वास्तव्य तीन वर्षांच्या आंत मिळूं शकतें. तें लवकर मिळावयास अट आहे ती भाषेची.

आणि भाषेच्या बाबतींत मराठी मुलाला एक सोय आहे. पुण्याच्या शाळांतून हल्लीं पुष्कळ मुलें संस्कृतऐवजीं जर्मन घेतात. इंग्रजीवर वाढलेला विद्यार्थी 'डेर, डी, डास' पाहून गांगरतो. आपल्या मुलांना तो, ती, तें जन्मापासून ठाऊक. फक्त जर्मनांचा सूर्य स्त्रीलिंगी, चंद्र पुल्लिंगी आणि 'मुलगी' या अर्थाचा शब्द नपुंसकलिंगी असतो, हें ऐकून वर्गांत हशा पिकतो. त्यावर मी विचारतों, 'घरीं आई रागावली म्हणजे तुम्हांला कार्टें म्हणते, तें कोणतें लिंग?'